फेरिटिन १४८ असूनही लोहाची कमतरता कशी? हार्ट फेल्युअरच्या रुग्णाच्या मुलीस सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे, वजन ५८ किलो. दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट बसवला, आणि २डी इकोमध्ये हृदयाचे पंपिंग ३० टक्के आले, म्हणजे हृदय कमकुवत होऊन पुरेसे रक्त ढकलू शकत नाही; यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात. औषधे वेळेवर चालू आहेत, पायांवरची सूज उतरली आहे, तरीही एक जिना चढला की दम लागतो आणि दुपारपर्यंत ते गळून जातात. ताज्या तपासणीत हिमोग्लोबिन १३.१, फेरिटिन १४८ आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन १३ टक्के आहे. चार महिने लोहाच्या गोळ्या दिल्या, बीट आणि खजूर चालू आहे, आणि आता हृदयरोगतज्ज्ञ शिरेतून १००० मिलिग्रॅम लोह देऊ म्हणतात. लॅबच्या कागदावर हिमोग्लोबिनही नॉर्मल आणि फेरिटिनही नॉर्मल असताना लोह कशासाठी, आणि द्यायचेच तर गोळ्यांनी का नाही, असे तुम्ही विचारता. शिवाय सलाईनमुळे हृदयावर ताण येईल ही भीतीही आहे.

सल्ला योग्य आहे असे माझे मत आहे. मात्र त्याआधी एक-दोन गोष्टी तपासून घ्यायला हव्यात आणि त्यातून काय मिळेल व काय मिळणार नाही हेही तुम्हाला माहीत असायला हवे, म्हणून सविस्तर लिहितो.

गोंधळाचे मूळ फेरिटिनच्या आकड्यात आहे. फेरिटिन हे शरीरात साठवलेल्या लोहाचे माप आहे, पण निरोगी माणसात ते जितके विश्वासार्ह असते तितके हृदयाच्या जुनाट आजारात राहत नाही. शरीरात कुठेही दाह चालू असला की फेरिटिन आपोआप वाढते, आणि हार्ट फेल्युअरमध्ये सौम्य दाह सततच चालू असतो. म्हणून लॅबच्या कागदावर ‘३० ते ४००’ असा काहीसा नॉर्मल पट्टा छापलेला असला तरी तो तुमच्या वडिलांसाठी नाही. हृदयरोगतज्ज्ञ वापरतात ती व्याख्या वेगळी आहे: फेरिटिन १०० पेक्षा कमी असेल तर लोहाची कमतरता आहेच, आणि ते १०० ते २९९ च्या दरम्यान असेल तर सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास कमतरता मानायची. वडील या दुसऱ्या गटात स्पष्टपणे बसतात.

सॅच्युरेशन म्हणजे काय हे कणगी आणि बैलगाड्यांच्या उदाहरणाने सांगता येईल. कणगीतले धान्य म्हणजे फेरिटिन, आणि ते घरोघर पोचवणाऱ्या बैलगाड्या म्हणजे ट्रान्सफेरिन. वडिलांच्या शंभर गाड्यांपैकी फक्त तेरा भरलेल्या आहेत, बाकीच्या रिकाम्या फिरत आहेत. कणगीत थोडेफार धान्य असेलही, पण तिला कुलूप आहे. हे कुलूप लावणाऱ्या हेप्सिडिन या हार्मोनची ओळख वैद्यकशास्त्राला २००० सालाच्या आसपास झाली. ते यकृतात तयार होते, दाह वाढला की त्याचे प्रमाण वाढते, आणि पेशींतून लोह बाहेर सोडणारे दार, म्हणजे फेरोपोर्टिन नावाचे प्रथिन, ते बंद करून टाकते. हे दार साठ्याच्या पेशींवर असते तसेच आतड्याच्या पेशींवरही असते. त्यामुळे साठ्यातले लोह बाहेर पडत नाही आणि अन्नातले आत येत नाही.

मी स्वतः फेरिटिनपेक्षा सॅच्युरेशनकडे अधिक पाहतो. त्यामागे कारण आहे. बायपास शस्त्रक्रियेच्या वेळी हार्ट फेल्युअरच्या ४२ रुग्णांच्या अस्थिमज्जेतील (हाडांतल्या रक्त तयार होणाऱ्या भागातील) लोह प्रत्यक्ष रंगवून पाहण्याचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात मज्जेतले लोह खरोखर संपले आहे की नाही हे फेरिटिनपेक्षा सॅच्युरेशनने फार चांगले ओळखता आले, आणि त्याची सीमारेषा जवळजवळ २० टक्क्यांवरच आली. फेरिटिन ८० आणि सॅच्युरेशन २८ टक्के असलेल्या रुग्णाला व्याख्येनुसार कमतरता ठरते, पण अशा रुग्णात मी थोडा थांबतो. वडिलांचे १३ टक्के हे मात्र शंका ठेवण्यासारखे नाही. एवढेच पाहा की रक्त सकाळी घेतले होते ना, आणि आदल्या दिवशी लोहाची गोळी बंद ठेवली होती ना, कारण रक्तातले लोह दिवसभरात वर-खाली होते आणि नुकत्याच घेतलेल्या गोळीने सॅच्युरेशन खोटे वाढलेले दिसू शकते. गोळीमुळे चूक झालीच असेल तर ती उलट दिशेची असेल, म्हणजे खरे सॅच्युरेशन याहूनही कमी असेल.

आता हिमोग्लोबिन. आपल्याकडे ‘रक्त कमी आहे’ आणि ‘लोह कमी आहे’ ही वाक्ये एकाच अर्थाने वापरली जातात, आणि हार्ट फेल्युअरमध्ये नेमकी तिथेच गफलत होते. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते; त्यातले सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असते, पण उरलेले काही रिकामटेकडे नसते. स्नायूंतल्या मायोग्लोबिनला लोह लागते, आणि पेशीतल्या ज्या मायटोकॉन्ड्रियात प्राणवायू वापरून ऊर्जा तयार होते तिथल्या अनेक प्रथिनांच्या गाभ्यात लोहाचे अणू असतात. हृदयाचा स्नायू तर रात्रंदिवस चालतो, त्याची ऊर्जेची गरज सर्वांत मोठी. लोह कमी पडू लागले की शरीर हिमोग्लोबिन शक्य तितके टिकवून धरते, आणि तोवर मांडीच्या, पोटरीच्या आणि हृदयाच्या स्नायूंची उपासमार सुरू झालेली असते. लंडनमध्ये ४० रुग्णांवर झालेल्या एका छोट्या पण सुंदर अभ्यासात पायाच्या स्नायूंतील ऊर्जेचा साठा व्यायामानंतर किती लवकर भरून येतो हे चुंबकीय तपासणीने मोजले गेले. शिरेतून लोह दिल्यावर दोनच आठवड्यांत तो वेग सुधारला. म्हणून हिमोग्लोबिन १३.१ असूनही जिना चढताना पाय जड होणे यात विसंगती काही नाही. दम लागला की प्रत्येक वेळी ‘पंपिंग कमी आहे म्हणून’ असे घरचे धरून चालतात, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा आम्ही डॉक्टरही.

ही स्थिती दुर्मीळ नाही. दीर्घकालीन हार्ट फेल्युअरच्या सुमारे निम्म्या रुग्णांत लोहाची कमतरता सापडते, आणि त्रास वाढून ॲडमिट झालेल्यांत त्याहून अधिक. आपल्याकडे तर अनेक जण हृदयाचा आजार होण्यापूर्वीच रिकामी कणगी घेऊन येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिला आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयाचे आढळले होते. शिवाय आपले रुग्ण तरुण असतात. तिरुवनंतपुरममधील १८ रुग्णालयांनी २०१३ साली हार्ट फेल्युअरच्या १२०५ रुग्णांची नोंद ठेवली, तेव्हा त्यांचे सरासरी वय ६१ निघाले, जे पाश्चात्त्य देशांतल्या अशा नोंदींपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी आहे. या वयात माणूस शेतात किंवा दुकानात उभा राहू शकतो की नाही हा प्रश्न, किती वर्षे जगतो या प्रश्नाइतकाच मोठा असतो.

गोळ्यांचा प्रश्न तुम्ही फार बरोबर विचारला आहे. लोहाची साधी कमतरता असलेल्या तरुण स्त्रीला गोळ्या उत्तम लागू पडतात, मग इथे का नाहीत? हेप्सिडिनने आतड्याचे दार बंद केले आहे हे पहिले कारण. हार्ट फेल्युअरमध्ये पायांना सूज येते तशी आतड्याच्या आवरणालाही येते, त्यामुळे शोषण आणखी घटते. त्यात पोटातील आम्ल कमी करणारी गोळी बहुतेक प्रत्येक स्टेंटवाल्या रुग्णाला चालू असते आणि लोह शोषले जाण्यासाठी आम्ल लागते. हा केवळ तर्क नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आयर्नआउट-एचएफ या अमेरिकन चाचणीत २२५ रुग्णांना दिवसातून दोनदा १५० मिलिग्रॅम लोह तोंडावाटे किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. १६ आठवड्यांनी व्यायामक्षमतेत काहीही फरक पडला नाही आणि लोहाचा साठाही जेमतेम हलला. वडिलांचे चार महिने म्हणजे जवळजवळ तेवढाच काळ, आणि निकालही तोच. गोळ्यांनी मिळते ती बद्धकोष्ठता, आणि हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने शौचाला जोर लावणे मला मुळीच आवडत नाही.

बीट आणि खजुराबद्दल माझा आक्षेप नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका. बीटचा रंग लाल असतो एवढ्यावरून त्याचे रक्ताशी नाते जोडले गेले आहे. लोह त्यात फारसे नाही. आहारातून निरोगी माणूस दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम लोह आत घेतो, आणि वडिलांना हजार मिलिग्रॅमची तूट भरायची आहे; गणित तुम्हीच करा. लोखंडी कढईत भाजी करा, जेवणावर लिंबू पिळा, जेवणानंतर लगेच चहा देऊ नका, हे सगळे चांगलेच आहे. मात्र वडील स्पायरोनोलॅक्टोन हे हार्ट फेल्युअरचे औषध घेत असतील तर पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो, म्हणून ‘ताकद येण्यासाठी’ खजूर, नारळपाणी आणि भाज्यांची सुपे यांचा मारा करू नका. झडप बदललेले जे रुग्ण रक्त पातळ करणारी ॲसिनोकुमेरॉलची गोळी घेतात त्यांच्या नातेवाइकांनी हे वाचले तर त्यांनीही लक्षात ठेवावे की पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवले तर त्या गोळीचा परिणाम घटून झडपेवर गुठळी होऊ शकते.

शिरेतून दिलेल्या लोहाचा पुरावा मात्र भक्कम आहे, निदान बरे वाटण्यापुरता. २००९ साली फेअर-एचएफ ही ४५९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात शिरेतून दिलेले लोहाचे औषध, फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज, गडद तपकिरी असते, त्यामुळे रुग्णाला कळू नये म्हणून काळ्या सिरिंज आणि पडदे वापरावे लागले होते. २४ आठवड्यांनी लोह घेतलेल्यांपैकी ५० टक्क्यांनी आपल्याला बऱ्यापैकी किंवा खूप सुधारणा वाटते असे सांगितले, निष्क्रिय द्रव घेतलेल्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. आणि रक्तक्षय असलेल्या व नसलेल्या दोन्ही गटांत फायदा सारखाच दिसला. पुढे कन्फर्म-एचएफ चाचणीत ३०४ रुग्णांना सहा मिनिटे चालायला लावून अंतर मोजले, तेव्हा दोन गटांत सुमारे ३३ मीटरचा फरक निघाला. ३३ मीटर ऐकायला किरकोळ वाटते, पण घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न थांबता जाणे आणि मध्ये कठड्यावर बसावे लागणे यातला तो फरक असू शकतो.

आयुष्य वाढते का, या प्रश्नावर मात्र मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. २०२० ची अफर्म-एएचएफ, ब्रिटनमध्ये झालेली २०२२ ची आयर्नमॅन आणि २०२३ ची ३०६५ रुग्णांची हार्ट-एफआयडी या तिन्ही मोठ्या चाचण्यांत हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा ॲडमिट होण्याचे प्रमाण कमी होण्याकडे कल दिसला, पण चाचणीपूर्वी ठरवलेली मुख्य कसोटी संख्याशास्त्राच्या काटेकोर अर्थाने एकीलाही पार करता आली नाही; पहिल्या दोन तर अगदी थोडक्यात हुकल्या. २०२५ मधील फेअर-एचएफ२ चे चित्रही तसेच राहिले. मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे घटल्याचे कोणत्याही एका चाचणीत सिद्ध झालेले नाही. युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२३ साली मार्गदर्शक सूचना अद्ययावत केल्या, तेव्हा हेच तारतम्य ठेवले: पंपिंग कमी असलेल्या आणि लोहाची कमतरता असलेल्या रुग्णांत लक्षणे व जीवनमान सुधारण्यासाठी ठाम शिफारस, आणि ॲडमिट होणे टाळण्यासाठी एक पायरी सौम्य शिफारस. त्यामुळे हार्ट फेल्युअरची जी मूळ औषधे आयुष्य वाढवतात त्यांपैकी एकही लोहाच्या नावाखाली बंद किंवा कमी होता कामा नये. उलट, त्यांतली एखादी अजून सुरूच झालेली नसेल किंवा तिचा डोस अपुरा असेल, तर डॉक्टरांशी आधी त्याबद्दल बोला.

अजून एक बारकावा. वडील डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (मधुमेह आणि हार्ट फेल्युअर दोन्हींत देतात ती औषधे) घेत असतील तर या औषधांनी हेप्सिडिन आणि फेरिटिन थोडे उतरते आणि हिमोग्लोबिन चढते. म्हणजे या औषधावर असलेल्या माणसाचे १३.१ हे पूर्वीच्या १३.१ इतके निर्धास्त करणारे नाही. औषध सुरू करण्यापूर्वीचे जुने कागद काढून तुलना करा.

हृदयावर ताण येण्याच्या भीतीबद्दल. १००० मिलिग्रॅम फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज जास्तीत जास्त २५० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून निदान १५ मिनिटांत देतात; ज्यांची सूज उतरलेली आहे त्यांना एवढे पाणी सहज पेलते. रक्ताची बाटली चढवणे ही त्याहून कितीतरी मोठी भर असते आणि केवळ लोह कमी म्हणून ती देऊ नये. हिमोग्लोबिन वाढवणारी एरिथ्रोपोएटिन वर्गातील इंजेक्शनेही कुणी सुचवली तर नको म्हणा: २०१३ मध्ये २२७८ रुग्णांवरील रेड-एचएफ चाचणीत त्यांचा फायदा झाला नाही आणि गुठळ्या होण्याचे प्रमाण वाढले. वडिलांचे वजन ७० किलोपेक्षा कमी आणि हिमोग्लोबिन १० ते १४ च्या दरम्यान आहे, त्या हिशेबाने १००० मिलिग्रॅमचा एक डोस बरोबर आहे. आपल्याकडे स्वस्त म्हणून आयर्न सुक्रोजही सर्रास वापरले जाते; ते वाईट नाही, पण एका वेळी सहसा २०० मिलिग्रॅमच देतात, त्यामुळे पाच फेऱ्या होतात, आणि वर सांगितलेल्या मोठ्या चाचण्या त्याच्यावर झालेल्या नाहीत.

देताना काय पाहायचे? सुई शिरेत नीट आहे याची खात्री हवी, कारण द्रव त्वचेखाली उतरला तर तपकिरी डाग महिनोन् महिने, कधी कायमचा राहतो. गंभीर ॲलर्जी फार दुर्मीळ आहे, तरी डोस संपल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवावे आणि ही गोष्ट घरी नर्स बोलावून करू नये. सुरुवातीला चेहरा लाल होणे, छातीत किंवा पाठीत आवळल्यासारखे वाटणे, पण रक्तदाब मात्र न उतरणे, असे काही जणांना होते. द्रव थांबवला की ते काही मिनिटांत आपोआप जाते, आणि त्यालाच ॲलर्जी समजून घाईने इंजेक्शनांचा भडिमार केला तर त्रास वाढतो. ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असेल तर तो आधी बरा करावा. या औषधाने रक्तातील फॉस्फेट उतरू शकते. एका डोसने सहसा काही बिघडत नाही, पण वारंवार डोस लागले आणि हाडे किंवा स्नायू दुखू लागले तर फॉस्फेट तपासायला सांगा.

मी सुरुवातीला तपासून घ्यायच्या गोष्टी म्हटले त्या आता. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, पाहा. तो खूप कमी, पण तांबड्या पेशींची संख्या भरपूर असेल तर थॅलेसेमिया मायनर हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असू शकतो, आणि कुटुंब विदर्भातले किंवा सिकलसेल आढळणाऱ्या समाजातले असेल तर तोही विचार करावा लागतो. एचपीएलसी नावाची एकच तपासणी दोन्हींचा उलगडा करते. उलट एमसीव्ही वाढलेला असेल, किंवा वडील शाकाहारी असतील, तर बी१२ बघा, कारण दोन्ही कमतरता एकत्र असल्या की एमसीव्ही मध्यभागी येऊन फसवतो. थायरॉईड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) गेल्या सहा महिन्यांत झालेले नसेल तर याच रक्तातून करून घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे: लोह गेले कुठे? स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या दोन्ही गोळ्या घेणाऱ्या ६३ वर्षांच्या पुरुषात ‘हार्ट फेल्युअरमुळे असेल’ एवढ्यावर मी थांबत नाही. पोटातून किंवा आतड्यातून थेंब थेंब रक्त जात असेल तर वरून ओतलेले लोह पुन्हा वाहून जाईल, आणि त्यामागे एखादा अल्सर किंवा मोठ्या आतड्यातील गाठ लपलेली असू शकते. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतःहून मात्र बंद करू नका. त्याने स्टेंट बंद पडू शकतो. दोन वर्षे झाली असल्याने दोन्ही गोळ्यांची अजून गरज आहे का, हा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञांना जरूर विचारा.

लोह दिल्यानंतर चार आठवड्यांच्या आत फेरिटिन तपासू नका, ते भरमसाट आलेले दिसते आणि उगाच घबराट होते. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि सॅच्युरेशन पुन्हा करा. सॅच्युरेशन २० च्या वर जाऊन टिकले तर पुढे वर्षातून एक-दोनदा पाहिले तरी चालेल. तीन महिन्यांतच ते पुन्हा १३-१४ वर आले तर दुसरा डोस देण्याआधी एन्डोस्कोपी आणि कोलोनोस्कोपीबद्दल पोटविकारतज्ज्ञांचे मत घ्या. लोहाच्या गोळ्या आता बंद करायच्याच आहेत, तर त्या बंद केल्यावर शौचाचा रंगही पाहून ठेवा: गोळ्यांमुळे चार महिने तो काळा येत असणार आणि कुणाला त्यात काही वावगे वाटले नसणार. शिरेतून दिलेल्या लोहाने शौचाला काळा रंग येत नाही. गोळ्या थांबवून आठवडा उलटला तरी शौच डांबरासारखे काळे आणि चिकट होत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.